रानपिंगळ्याच्या पायातली चिठ्ठी

पक्षी पाहण्यासाठी केलेल्या भटकंतीवरचे मराठी लेखन अलीकडे भरघोस येते, बहुधा गुळगुळीत कागदावर, रंगीत छायाचित्रांसह. ते वाचताना माझे लक्ष एका क्रियापदावर अडते : टिपणे. पाखरू दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, छायाचित्रकार पक्षी टिपतो. पण टिपून ठेवणे म्हणजे लिहून ठेवणेही असते. या लेखनात पहिले तीन अर्थ जोमात आहेत, चौथा गळत चालला आहे. त्याने काय बिघडते ते पाहायचे तर रानपिंगळ्याची हकिगत पुन्हा वाचावी लागते.

१८७२ साली ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर-बसना भागात एक ठेंगणे, दणकट घुबड मिळाले. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. नंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची एकही नोंद नाही. अपवाद एकच : कर्नल रिचर्ड माइनर्टझहागन यांच्या संग्रहातला नमुना. त्याच्या पायातल्या चिठ्ठीवर गुजरातमधले मांडवी हे ठिकाण आणि १९१४ हे साल होते.

पुढे सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासह अनेकांनी या पक्ष्याचा शोध घेतला. हाती काही आले नाही. मग पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुनेच तपासायला घेतले आणि चिठ्ठी खोटी निघाली. तो पक्षी डेव्हिडसन यांचाच होता. ब्रिटिश संग्रहालयातून तो चोरलेला होता आणि त्यात नव्याने भरण घालून वर बनावट चिठ्ठी लावली होती. डेव्हिडसन यांची कातडी भरण्याची जी खास तऱ्हा होती, तिच्या खुणा आत शिल्लक होत्या. (याच कर्नलसाहेबांबरोबर सालिम अली १९३७ मध्ये अफगाणिस्तानात गेले होते.)

मांडवी बाद झाल्यावर शोधाचा नकाशा बदलला. जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे जायचे ठरले. पूर्वेकडे निराशा झाली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. त्याचे चित्रणही झाले. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत ठिपके असतात. याचे डोके जवळपास बिनठिपक्यांचे, पोट पांढरे, पायांवर दाट पिसे. हे फरक संग्रहालयात बसून आधीच पाठ झालेले होते, म्हणून दिवसाढवळ्या झाडावर बसलेला पक्षी ओळखता आला. या प्रवासाची तयारी लेन्सने झालेली नव्हती, ती चिठ्ठ्या वाचून झाली होती.

आता आपले भटकंतीलेख पाहा. पहाटेची थंडी, जिप्सी, वाटाड्याची खूण, धडधडणारे काळीज, मग 'अखेर तो मिळाला' आणि पानभर छायाचित्र. खाली मजकूर : 'रानपिंगळा, महाराष्ट्र'. तारीख नाही, झाडाची जात नाही, पक्षी काय करत होता तेही नाही. 'दिसला'च्या जागी 'मिळाला' आले तेव्हाच लेखकाने वही मिटली असावी. व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आजही वाचनीय आहे ते मुक्कामामुळे; एकाच जागी राहून तेच तेच पाहण्याचा कंटाळा त्यांना आला नाही. मारुती चितमपल्लींनी हयात वनखात्यात काढली. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून ते शिकले, तेथील बोलीतली नावे त्यांनी जमवली. त्यांच्या गद्यात कधी कधी गूढाचा रंग जरा गडद होतो, पण कोण कुठे काय म्हणाले हे त्यात सापडते. आजच्या लेखात वाटाड्या 'आमचा गाइड' असतो. त्याने पक्ष्याला काय नाव सांगितले ते छापले जात नाही.

यावर छायाचित्रकारांचे एक उत्तर आहे आणि ते खोडून काढण्यासारखे नाही. ठिकाण छापले की दुसऱ्या रविवारी तिथे पंचवीस कॅमेरे उभे राहतात, कोणी मोबाइलवर हाक वाजवतो, पक्षी ढोली सोडतो. रानपिंगळा आजही संकटग्रस्त यादीत आहे. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही आढळला. तिथे मुंबईहून मोटारीने सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. ठिकाण झाकायलाच हवे, हे मला मान्य आहे. पण झाकणे वेगळे, न नोंदवणे वेगळे. ई-बर्डवर संवेदनशील जातींचे ठिकाण जाहीर होत नाही, तरी नोंद पूर्ण ठेवली जाते. अंकात तालुका गाळावा. महिना, वेळ, जंगलाचा प्रकार, ढोलीपासूनचे अंतर, हाक वाजवली की नाही, एवढे छापायला काय हरकत आहे? शेवटची बाब तर आवर्जून छापावी. हाकेला फसून समोर आलेल्या पक्ष्याचे चित्र 'नैसर्गिक अधिवासात' म्हणून छापणे आणि १८८० च्या दशकातल्या पक्ष्याला १९१४ ची चिठ्ठी लावणे यांत अंतर आहे, पण फार नाही.

संपादकांनीही छायाचित्रासोबत मूळ टिपण मागवून घ्यावे. दर्जेदार चित्रे आपल्याकडे उदंड आहेत. शंभर वर्षांनी कोणी यांतले एखादे पान उघडून हा पक्षी कुठल्या रानात होता असे शोधू लागला, तर 'महाराष्ट्र' एवढ्या शब्दावर तो कुठे जाणार?