बोर्ड उत्तम, पण बसवायचा कसा?

विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरताना आम्हांला एक दृश्य वारंवार दिसते. कल्पना चांगली, विद्यार्थी तयारीचा. पण सर्किट बोर्ड मात्र पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने डकवलेला. वायरला धक्का लागतो, बोर्ड सरकतो आणि उपकरण बंद पडते. दोष विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतो. आमच्या मते त्यातील मोठा वाटा बोर्ड आखणाऱ्याचा असतो.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे उदाहरण घेऊ. मुलांनी संगणक हाताळून शिकावा या हेतूने तो इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार झाला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आला. क्रेडिट कार्डाएवढ्या आकारात, स्वस्तात, पूर्ण संगणक! मात्र पहिल्या आवृत्तीत स्क्रूसाठी एकही भोक नव्हते. जोडण्या चारही बाजूंना. त्यांत प्लग सतत घालायचे आणि काढायचे. बोर्ड पक्का धरलेला नसेल तर हा ताण कोठे जातो? तो सोल्डरच्या सांध्यांवर आणि तांब्याच्या पातळ पट्ट्यांवर येतो. तेथे बारीक तडा गेला की उपकरण कधी चालते, कधी चालत नाही. असा दोष शोधणे अनुभवी माणसालाही जड जाते.

सप्टेंबर २०१२ च्या सुधारित आवृत्तीत दोन भोके आली. जुलै २०१४ च्या ‘बी प्लस’मध्ये चार आली, ५८ × ४९ मिलिमीटरच्या आयताच्या कोपऱ्यांवर, २.५ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी. विशेष म्हणजे यूएसबीच्या जागा आणि पिना वाढूनही बोर्डाचा आकार जवळपास तोच राहिला. तेव्हा ‘जागाच नव्हती’ ही सबब टिकत नाही. उणीव विचारात होती. आजही बाजारात भोके नसलेले अनेक छोटे बोर्ड मिळतात, म्हणून ही टीका जुनी झालेली नाही.

असा बोर्ड हाती आला तर काय करावे? प्रथम, स्वतः भोक पाडू नये. अनेक बोर्डांच्या पोटात तांब्याचे थर असतात; ड्रिलने ते तुटतात किंवा एकमेकांना चिकटतात. ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ होतो, म्हणून तापणाऱ्या भागांजवळ तो नको. चिप ज्या काळ्या फोममध्ये खोचून येतात तो अंशतः विद्युतवाहक असतो. चालू बोर्डाखाली तो ठेवू नये.

बोर्ड कडांनी धरावा. बोर्डाची जाडी बहुधा १.६ मिलिमीटर असते. दोन लाकडी पट्ट्यांना करवतीने तेवढी खाच पाडावी, समोरासमोरच्या कडा त्यांत सरकवाव्यात आणि पट्ट्या फळीला स्क्रूने आवळाव्यात. खाचेत कोणताही सुटा भाग दबू नये. पिनांच्या छोट्या बोर्डासाठी झीरो पीसीबीवर सॉकेट सोल्डर करावे आणि त्या पीसीबीच्या मोकळ्या कोपऱ्यांत भोके पाडावीत. वायरी मात्र दोन्ही पद्धतींत फळीलाच बांधाव्यात, म्हणजे ओढ बोर्डापर्यंत पोहोचणार नाही.

शिक्षकांना एक सूचना. प्रकल्पाचे गुण देण्यापूर्वी उपकरण उचलून तिरके करावे, वायर हलकेच ओढावी, आणि ते पुन्हा चालते का ते पाहावे. या चाचणीला थोडे गुण राखून ठेवले, तर मुले बोर्ड विकत घेतानाच त्याची भोके मोजू लागतील.