'बरा' या एका शब्दासाठी

माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी बिनधास्त लिहिलं होतं, 'प्रोबायोटिक्सने एक्झिमा बरा होतो.' संदर्भ होता 2001चा, 'लॅन्सेट'मधला फिनलंडचा गाजलेला पेपर. गाइडने फक्त 'बरा' या शब्दाभोवती गोल काढला. मग मी पेपर नीट वाचला!

त्यात एक्झिमा बरा केलेलाच नाही. तो होऊ नये म्हणून ॲलर्जीचा इतिहास असलेल्या कुटुंबांत, बाळंतपणाआधी आईला आणि नंतर सहा महिने आईला किंवा बाळाला लॅक्टोबॅसिलस जीजी दिलं. दोन वर्षांनी एक्झिमा 64 पैकी 15 मुलांना; प्लासिबो गटात 68 पैकी 31. म्हणजे निम्मा. यादृच्छिक, डबल-ब्लाइंड, मांडणी चोख. पण आयजीई आणि त्वचेवरच्या ॲलर्जी-चाचण्या दोन्ही गटांत सारख्याच. मग आतड्यातून ॲलर्जीची प्रवृत्तीच बदलली, हे कशावरून म्हणायचं?

2008मध्ये जर्मनीत तोच जिवाणू, साधारण तशीच मांडणी, 94 मुलं. एक्झिमा 28 टक्के आणि 27.3 टक्के. फरक नाहीच.

आणि उपचाराचं काय? 2018च्या कॉक्रेन आढाव्यात 39 चाचण्या होत्या. रुग्णांना जाणवणाऱ्या लक्षणांत फरक नगण्य.

म्हणून आतडं-त्वचा संबंध खोटा ठरत नाही. पण संबंध असणं, प्रतिबंध होणं आणि उपचार होणं हे तीन वेगळे दावे आहेत. तुम्ही संदर्भ देताना आधी विचारा: यातला कोणता दावा त्या पेपरने तपासलाय? मी ते वाक्य खोडलं.