तसबिरीत शिरलेली बाई

गाणगापूरच्या गाभाऱ्यात निर्गुण पादुका आहेत. भक्त घरी नेतो ती मात्र दुकानातली दत्ताची तसबीर: तीन मुखे, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री. कलबुर्गी-बीदरकडच्या मराठी-कानडी घरांत देवाचा चेहरा ठरवला तो असा छापखान्यांनी. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांच्या चित्रांसाठी अंजनीबाई मालपेकरांसारख्या गायिका बसल्या, असे सांगतात. लक्ष्मी घरोघर पोचली. तिच्यासाठी तासन् तास बसणाऱ्या बाया बहुतेक निनावीच राहिल्या. त्या बाईला पुन्हा चौकटीत आणणे, हेच स्वतःला अशा तसबिरींत उभे करणाऱ्या आजच्या स्वप्रतिमा-कलेचे खरे काम, असे माझे मत आहे.

ते काम सर्वांत नेटाने केले बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी. मूळच्या शिल्पकार. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात एका छायाचित्र-मालिकेत त्यांनी दक्षिणेतल्या स्त्रियांच्या रूढ प्रतिमा स्वतःच्या अंगावर घेतल्या. रवि वर्मांची लक्ष्मी त्यांत आहे, आपल्या दख्खनच्या विजापुरी शैलीतली योगिनीही आहे. पडदा रंगवलेला आहे हे लपवलेले नाही. पण मला अधिक मोलाची वाटते ती या चित्रांची शेजारीण. याच मालिकेत वर्तमानपत्री छायाचित्रावरून घेतलेल्या, पोलिसांनी पकडलेल्या बायकाही आहेत. एकच शरीर कमळावर पूजले जाते आणि आरोपी म्हणूनही उभे केले जाते. लक्ष्मीकडे पाहून हात जोडणाऱ्या नजरेला त्या दुसऱ्या चित्रापाशी थांबावेच लागते. नुसती लक्ष्मी असती तर हे घडले नसते. पुढे भारतमातेच्या छापील चित्रांतही पुष्पमाला अशाच शिरल्या.

सियोना बेंजामिन यांची वाट निराळी. मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या; जे. जे. कलाशाळेत शिकून अमेरिकेत स्थायिक झालेल्या. ‘फाइंडिंग होम’ या मालिकेत त्या स्वतःला निळ्या कांतीची रंगवतात. कॅलेंडरातल्या कृष्णाची निळाई, देवीचे अनेक हात आणि ज्यू कथांतल्या स्त्रिया एकाच देहात येतात. शेजाऱ्यांचे देव पाहत वाढलेल्या मुलीचा त्या चित्रभाषेवर हक्क आहे, हे त्या भांडण न करता सिद्ध करतात. काही चित्रांत नक्षीच फार होते आणि माणूस हरवतो, तरी हा हक्क महत्त्वाचा.

बाकी चित्र फारसे आशादायक नाही. २०२० मध्ये चेन्नईत नट्यांना रवि वर्मांच्या नायिका करून एक कॅलेंडर निघाले. आता लग्नाआधीच्या छायाचित्रांतही तीच नऊवारी, तीच वीणा, तोच मंद उजेड. प्रत्येक दागिना जागेवर असतो, प्रश्न एकही नसतो. मूळ चित्रात गोरेपणाला आणि घरंदाजपणाला जे देवत्व मिळाले, ते इथे पुन्हा एकदा पक्के होते, एवढेच.

म्हणून मला कलबुर्गीच्याच एका चित्रकाराची आठवण होते. एस. एम. पंडित १९१६ मध्ये इथेच जन्मले. मुंबईत हॉलिवूडच्या सिनेमांची जाहिरातचित्रे करता करता त्यांनी कॅलेंडरातल्या देवांना नटनट्यांची पिळदार, झगमगती शरीरे दिली. आज शहरातले रंगमंदिर त्यांच्या नावाचे आहे. देवाला शरीर कुठून मिळते, हे इथल्या चित्रकाराला दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

बीदर जिल्ह्यातल्या मैलार मल्लण्णाला, म्हणजे खंडोबाला, मराठी आणि कानडी दोन्ही भाषांचे लोक भंडारा उधळतात. खंडोबाच्या प्रचलित तसबिरीत म्हाळसा देवापुढे घोड्यावर असते. त्याची दुसरी पत्नी, धनगराची लेक बाणाई, बहुधा बाजूला असते, कधी मुळीच नसते. या भागातल्या चित्रकला शिकणाऱ्या मुलींना माझे सांगणे आहे: पडदा स्वतः रंगवा, कॅमेरा मैत्रिणीच्या हाती द्या आणि त्या तसबिरीत बाणाई होऊन उभ्या राहा.