सामायिक रस्ता : समान पातळी आणि असमान पादचारी

प्रस्तावना

विसाव्या शतकातील नगररचनाशास्त्राने रस्त्याची विभागणी जवळजवळ स्वयंसिद्ध मानली होती. मध्यभागी वाहने, कडेला उंच पदपथ आणि ओलांडण्यासाठी ठरावीक जागा अशी ही मांडणी होती. ब्रिटनमध्ये कॉलिन ब्यूकॅनन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या 'ट्रॅफिक इन टाउन्स' या १९६३ च्या अहवालानंतर वाहने व पादचारी यांना परस्परांपासून दूर ठेवण्याच्या विचाराला अधिकच बळ मिळाले. भुयारी मार्ग, पादचारी पूल आणि पदपथाच्या कडेचे लोखंडी कठडे ही त्या विचाराची दृश्य फळे होत. यातून वाहनांची सोय झाली. पायी चालणारा मात्र आपल्याच शहरात जिने चढू-उतरू लागला.

या विभागणीला आव्हान देणारी संकल्पना म्हणजे सामायिक रस्ता, अर्थात 'शेअर्ड स्पेस'. पदपथाची कड, सिग्नल, पट्टे आणि फलक काढून टाकावेत, संपूर्ण रस्ता एकाच पातळीवर आणावा आणि तो कसा वापरायचा हे तेथे वावरणाऱ्यांनीच परस्परांकडे पाहून ठरवावे, असा तिचा आशय आहे. युरोपातील अनेक शहरांच्या मध्यवर्ती भागांत तिचे प्रयोग झाले आणि त्यांचे कौतुकही झाले. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा चिकित्सक परामर्श घेतला आहे. रस्त्याची पातळी समान केल्याने रस्ता वापरणाऱ्यांचे सामर्थ्य समान होते काय, हा या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

संकल्पनेचा उगम

सामायिक रस्त्याचे मूळ सामान्यतः नेदरलँड्समधील 'वोनएर्फ' या प्रकारात शोधले जाते. वोनएर्फ म्हणजे घराचे अंगण बनलेला रस्ता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेल्फ्ट शहरातील निवासी वस्त्यांत या कल्पनेने आकार घेतला. झाडे, बाके आणि वळणे यांची योजना अशी केली गेली की वाहन वेगाने जाऊच शकू नये. १९७६ मध्ये डच कायद्याने या रस्त्यांना स्वतंत्र दर्जा दिला. त्यानुसार पादचाऱ्यांना रस्त्याची संपूर्ण रुंदी वापरता येते, मुलांना तेथे खेळता येते आणि वाहनचालकाने चालण्याच्या गतीनेच जावे लागत असे. वोनएर्फमध्ये रस्ता सामायिक असला, तरी त्यावरील अग्रहक्क कोणाचा हे संदिग्ध ठेवलेले नाही. तो पायी चालणाऱ्याचा आहे.

दुसरा टप्पा फ्रीसलंड प्रांतातील वाहतूक अभियंता हान्स मॉन्डरमन यांच्या कार्याचा. चालकाला सतत सूचना दिल्या की तो विचार करणे थांबवतो. उलट परिस्थिती काहीशी अनिश्चित ठेवली की तो सावध होतो आणि वेग आपोआप कमी करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. द्राख्तन या गावातील लावाइप्लाइन या गजबजलेल्या चौकातील सिग्नल त्यांच्या योजनेनुसार हटवण्यात आले आणि तो चौक जगभरातील नगररचनाकारांचे तीर्थक्षेत्र बनला. दररोज सुमारे वीस हजारांहून अधिक वाहने तेथून सिग्नलविना जातात, हे या संकल्पनेचे सर्वांत प्रभावी उदाहरण मानले गेले. २००८ मध्ये मॉन्डरमन यांचे निधन झाले. तोपर्यंत बेन हॅमिल्टन-बेली यांच्यासारख्या पुरस्कर्त्यांनी हा विचार ब्रिटनमध्ये रुजवला होता.

या दोन टप्प्यांतील अंतर बहुतेक विवेचनांत दुर्लक्षित राहिले आहे. वोनएर्फने दुर्बलाला कायद्याचे संरक्षण दिले आणि मग कड काढली. शहराच्या मध्यभागी आलेल्या सामायिक रस्त्याने कड काढली, परंतु संरक्षणाची जागा सौजन्यावर सोपवली. निवासी गल्लीत जे हक्क म्हणून मिळाले होते, ते मुख्य रस्त्यावर येताना वाटाघाटीचा विषय झाले.

नेत्रसंपर्काचे गृहीतक

मॉन्डरमन आपल्या भेटीस येणाऱ्यांना एक प्रात्यक्षिक दाखवीत असत. ते डोळे मिटून, पाठमोरे चालत थेट वाहनांच्या प्रवाहात शिरत. वाहने थांबत, बाजूने जात; कोणी त्यांना धडक देत नसे. या प्रात्यक्षिकाची कीर्ती मोठी आहे आणि त्यामागील धैर्यही निर्विवाद आहे. तथापि, त्यातून नेमके काय सिद्ध होते, हे तपासणे आवश्यक आहे. डोळे मिटणारा मनुष्य ते कोणत्याही क्षणी उघडू शकतो. रस्ता कोठे सुरू होतो, चौक किती रुंद आहे, पलीकडे काय आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. अंध व्यक्तीजवळ यातील काहीही नसते. शिवाय तिला असे धैर्य वर्षातून एखाद्या वेळी नव्हे, तर दररोज बाजारात जाताना दाखवावे लागते.

सामायिक रस्त्याची संपूर्ण भिस्त नेत्रसंपर्कावर आहे. चालक आणि पादचारी एकमेकांकडे पाहतात, आधी कोणी जायचे हे क्षणार्धात ठरते, असे त्यात गृहीत धरलेले असते. या व्यवहारात भाग घेण्यासाठी दृष्टी हवी, ऐकू यायला हवे, निर्णय चटकन घेता यायला हवा आणि गरज पडल्यास मागे सरता यायला हवे. अंध व्यक्ती, बहिरी व्यक्ती, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती, गुडघे दुखणारी वृद्ध स्त्री, लहान मूल हे सर्व या वाटाघाटीत आरंभापासूनच उणे ठरतात. समोरच्याजवळ सुमारे दीड टन वजनाचे वाहन आहे आणि आपल्याजवळ केवळ शरीर आहे, ही जाणीव तर धडधाकट पादचाऱ्यालाही मागे ठेवते.

अंध व्यक्तीच्या दृष्टीने पदपथाची कड म्हणजे अडथळा नसून माहिती आहे. पांढरी काठी त्या कडेचा माग घेते. मार्गदर्शक श्वानाला कडेपाशी थांबण्याचे शिक्षण दिलेले असते. ब्रिटनमधील 'गाइड डॉग्ज' या संस्थेसाठी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे झालेल्या २००९ च्या अभ्यासात, अंध व अल्पदृष्टी व्यक्तींना कड खात्रीने जाणवण्यासाठी ती किमान ६० मिलिमीटर उंच असावी, असा निष्कर्ष निघाला. साधारण अडीच इंचांहूनही कमी असलेल्या या उंचीवर एखाद्याचे एकट्याने घराबाहेर पडणे अवलंबून असते. नगररचनाकाराच्या आराखड्यात मात्र तिचे वर्णन रस्त्याच्या सौंदर्यातील व्यत्यय असे होते.

एक्झिबिशन रोड : एक आदर्श आणि त्याची तडजोड

लंडनमधील एक्झिबिशन रोड हे या संकल्पनेचे सर्वाधिक चर्चिलेले ब्रिटिश उदाहरण होय. व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय, नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम आणि इंपीरियल कॉलेज या रस्त्यावर वा त्याच्या लगत आहेत. 'डिक्सन जोन्स' या वास्तुरचना संस्थेच्या आराखड्यानुसार त्याचे नूतनीकरण झाले आणि २०१२ च्या ऑलिंपिकपूर्वी काम पूर्ण करण्यात आले. एका दर्शनी भिंतीपासून समोरच्या दर्शनी भिंतीपर्यंत एकाच पातळीची ग्रॅनाइटची फरसबंदी आणि तिच्यावरील तिरप्या चौकटींची नक्षी ही त्याची ओळख आहे. वेगमर्यादा ताशी २० मैल ठेवण्यात आली.

सौंदर्याच्या दृष्टीने हा रस्ता पूर्वीपेक्षा सरस आहे, हे मान्य करावे लागते. गर्दीने ओसंडणारे अरुंद पदपथ आणि लोखंडी कठडे गेले; बसण्यास व रेंगाळण्यास जागा मिळाली. तथापि, मूळ कल्पनेला अंध व्यक्तींच्या संघटनांनी विरोध केला आणि त्या विरोधानंतर पायाला जाणवणाऱ्या रेषांच्या फरशांचा पट्टा बसवण्यात आला. या पट्ट्याच्या एका बाजूचा भाग केवळ पादचाऱ्यांसाठी सुरक्षित राहील, असा त्याचा अर्थ होता. काढून टाकलेली विभाजनरेषा अशा प्रकारे वेगळ्या रूपाने परत आली. जो रस्ता 'सर्वांचा' म्हणून घोषित झाला, त्याला सर्वांचा होण्यासाठी पुन्हा एक सीमा आखून घ्यावी लागली, हा या प्रयोगातील सर्वांत बोधप्रद भाग आहे.

न मोजलेली माणसे

सामायिक रस्त्याच्या समर्थनार्थ मुख्यतः दोन प्रकारचे पुरावे दिले जातात. वाहनांचा वेग कमी झाला, हा पहिला आणि अपघात वाढले नाहीत किंवा घटले, हा दुसरा. हे पुरावे खोटे नाहीत. चेशर परगण्यातील पॉइंटन येथे सिग्नल काढून टाकल्यानंतर वाहतूक अधिक सुरळीत झाली, असे समर्थक आवर्जून सांगतात. प्रश्न पुराव्याच्या सत्यतेचा नसून त्याच्या व्याप्तीचा आहे. अपघातांची आकडेवारी रस्त्यावर आलेल्यांची नोंद घेते. भीतीपोटी जे रस्त्यावर येईनासे झाले, त्यांचा अपघात होत नाही. म्हणून ते आकडेवारीत सुरक्षित ठरतात.

सायमन मूडी आणि स्टीव्ह मेलिया यांनी केंट परगण्यातील ॲशफर्ड येथील सामायिक चौकाचा अभ्यास करून या उणिवेवर बोट ठेवले. बहुसंख्य पादचारी आपला सरळ मार्ग सोडून वळसा घेत होते, वाहनांनाच आधी वाट देत होते आणि जुनी रचना अधिक सुरक्षित वाटत होती असे सांगत होते. पुढे २०१५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या उमराव सभागृहातील सदस्य आणि पॅरालिंपिक जलतरणपटू लॉर्ड ख्रिस होम्स यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात ६३ टक्के उत्तरदात्यांनी सामायिक रस्त्याचा अनुभव वाईट असल्याचे नोंदवले, तर ३५ टक्के लोक असे रस्ते हेतुतः टाळत असल्याचे दिसून आले. स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांच्या पाहणीला संख्याशास्त्रीय मर्यादा असतात आणि या टक्केवारीवरून समग्र लोकसंख्येविषयी अनुमान काढणे योग्य ठरणार नाही. तथापि, रस्ता टाळणारी माणसे आहेत आणि प्रचलित मोजमापात ती दिसत नाहीत, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

हे निरीक्षण जुन्या संशोधनाशी सुसंगत आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची तुलना करून 'लिव्हेबल स्ट्रीट्स' (१९८१) या ग्रंथात ती मांडली. दररोज सुमारे दोन हजार वाहने जाणाऱ्या रस्त्यावर रहिवाशाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. सुमारे सोळा हजार वाहने जाणाऱ्या रस्त्यावर ही सरासरी एकाच्याही खाली गेली. वाहने वाढली की माणसे निमूटपणे माघार घेतात. त्या माघारीची तक्रार कोठे नोंदवली जात नाही.

धोरणातील माघार

ब्रिटिश शासनाने २०११ मध्ये सामायिक रस्त्यांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक टिपण प्रसिद्ध केले होते. २०१७ मध्ये संसदेच्या महिला व समानता समितीने अशा योजना थांबवण्याची शिफारस केली. जुलै २०१८ मध्ये शासनाने समपातळीच्या योजनांना स्थगिती देण्याचे आवाहन स्थानिक संस्थांना केले आणि २०११ चे टिपण मागे घेतले. त्यानंतर काही आठवड्यांतच असे स्पष्ट करण्यात आले की, हे आवाहन मुख्य बाजाररस्ते व शहरांचे मध्यवर्ती भाग अशा, पादचारी व वाहने या दोहोंची वर्दळ असलेल्या जागांपुरते आहे. अत्यल्प वाहतुकीच्या निवासी रस्त्यांना ते लागू नाही. या खुलाशातून वोनएर्फ आणि शहराच्या मध्यभागातील सामायिक रस्ता यांतील मूळ भेदच अधिकृतपणे मान्य झाला. जेथे वाहने मुळातच थोडी आणि संथ आहेत, तेथे सामायिकता नांदते. जेथे ती पुष्कळ आहेत, तेथे सामायिकता म्हणजे बलवानाची सोय ठरते.

भारतीय संदर्भ

भारतीय शहरांत ही चर्चा वेगळे वळण घेते. येथील बाजारपेठांतील रस्ते कोणी आराखडा न करताही सामायिकच असतात. हातगाडी, दुचाकी, रिक्षा आणि पादचारी एकाच पृष्ठभागावर वावरतात. यावरून आपली शहरे युरोपच्या पुढे आहेत, असा निष्कर्ष कधी कधी उत्साहाने काढला जातो. तो भ्रामक आहे. वोनएर्फमध्ये जी सामायिकता हक्कातून आली, ती येथे पदपथाच्या अभावातून आलेली आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. ६० आणि १५० मिलिमीटर या दोन मर्यादांमध्ये काठीला जाणवणारी आणि वृद्धाला चढता येणारी कड बांधणे अशक्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार तर सुगम्यता हा उपकाराचा नव्हे, कायद्याचा विषय झाला आहे.

आपल्याकडील अधिक आश्वासक प्रयोग वेगळ्या दिशेचे आहेत. दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१ मध्ये पुनर्रचनेनंतर दिवसा मोटारवाहनांना बंदी करण्यात आली. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचारी दिनानिमित्त वाहनमुक्त ठेवण्यात आला. या दोन्ही ठिकाणी आधी वाहन दूर केले गेले. नियमांची अंमलबजावणी कितपत टिकते, हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु क्रम योग्य आहे.

समारोप

सामायिक रस्त्याच्या पुरस्कर्त्यांनी एक मोलाची गोष्ट शिकवली : रस्ता ही केवळ वाहून नेणारी नळी नाही, ती सार्वजनिक जीवनाची जागा आहे. या शिकवणीचा त्याग करण्याचे कारण नाही. दोष आहे तो क्रमाचा आणि मोजमापाचा. वाहनांची संख्या व वेग कमी न करता कड काढली, तर ज्याला कडेची सर्वाधिक गरज आहे त्याचाच आधार जातो. आणि केवळ अपघात मोजले, तर जो घरीच थांबला त्याची गणना होत नाही. म्हणून अशा प्रत्येक योजनेचे मूल्यमापन करताना रस्त्यावर कोण दिसते याबरोबरच पूर्वी येणारे कोण आता येत नाहीत, हेही विचारले जावे. अंध व्यक्तीला एकटीने तो रस्ता ओलांडता येणे, ही त्या रस्त्याच्या सामायिकतेची किमान कसोटी मानली पाहिजे.