संहितेचे मौन आणि विधीचे स्थळ : रेम्ब्राँची दोन एचिंग

लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या सुंतेचा उल्लेख जेमतेम एका वाक्यात येतो. आठव्या दिवशी सुंता झाली व नाव ठेवले गेले, एवढेच तेथे कळते. विधी कोठे झाला याविषयी संहिता मौन पाळते. त्यानंतर लगेच मंदिरातील अर्पणाचा प्रसंग येतो. युरोपीय चित्रपरंपरेने सुंतेलाही बहुधा मंदिराचीच पार्श्वभूमी दिली. १६३०च्या सुमारास केलेल्या लहान एचिंगमध्ये रेम्ब्राँनेही ही रूढी पाळलेली दिसते.

१६५४च्या एचिंगमध्ये मात्र हा विधी गोठ्यात घडतो. जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर उंचीच्या या चित्रात शिडी आहे, दाटीने बसलेली माणसे आहेत आणि वरून तिरपा उतरणारा प्रकाश आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावरील मेणाचा थर सुईने खरवडतात व उघडी पडलेली रेघ आम्लाने खोल करतात. तिच्यात शाई भरते. त्यामुळे येथील प्रकाश म्हणजे रेघांमध्ये राखलेला कोरा कागद होय.

याच सुमारास केलेल्या अर्पणविधीच्या चित्रात संहितेने सांगितलेले मंदिर कायम आहे. परंतु दाट रेघांच्या काळोखात त्याची वास्तू जवळजवळ लोपली आहे. उजळतात ती याजकाची वस्त्रे आणि बालकाला हाती घेतलेला वृद्ध शिमोन. एका चित्रात वास्तू वगळली जाते, दुसऱ्यात ती झाकोळते. दोन्हींत उरतो तो बालकाभोवती एकवटलेला समूह.

या स्थलांतराचे श्रेय केवळ ॲमस्टरडॅममधील ज्यू शेजाराला देणे अपुरे ठरते. शेजारातून विधीचे तपशील मिळू शकतात. गोठा मात्र लूकच्याच जन्मकथेतील गव्हाणीतून येतो. रेम्ब्राँ संहितेतील रिक्त जागा तिच्याच आधीच्या ओळींनी भरतो. त्या अर्थाने हे चित्र संहितेचे भाष्य ठरते.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाचा इतिहास या संदर्भात तुलनेसाठी उद्बोधक आहे. या समाजाचे पहिले सिनेगॉग मुंबईत १७९६ साली उभे राहिले. आठव्या दिवसाच्या सुंतेची प्रथा त्याने त्यापूर्वीही जपली होती. येथे प्रभावाचा प्रश्न नाही. विधीचे पावित्र्य वास्तूवर अवलंबून नसते, ही जाण एका समाजाच्या आचारात आणि एका चित्रकाराच्या वाचनात स्वतंत्रपणे प्रकटली, हे साम्य तौलनिक अभ्यासाला महत्त्वाचे वाटते.