‘निष्क्रिय’ घटकांची सक्रियता : तणनाशकांच्या विषारीपणाच्या चर्चेची चिकित्सा

तणनाशकाच्या बाटलीतील द्रव्यांची विभागणी दोन गटांत केली जाते. ज्यामुळे तण मरते तो ‘सक्रिय’ घटक आणि उरलेले सारे ‘निष्क्रिय’. ही विभागणी तणाच्या संदर्भात केलेली आहे. मासा, बेडूक किंवा पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा मजूर यांच्या संदर्भात नव्हे. मात्र आपल्या अध्यापनात व संशोधनात ‘निष्क्रिय’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ असे सर्रास गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या गृहीतकावर आहे.

ग्लायफोसेटचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७४ मध्ये ‘राउंडअप’ या नावाने बाजारात आलेले हे तणनाशक वनस्पतींच्या शिकिमेट मार्गातील एका विकराचे कार्य रोखते. हा मार्ग प्राण्यांत नसतो, सबब ते प्राण्यांना सुरक्षित, असा युक्तिवाद केला जातो. तो चुकीचा नाही; अपुरा आहे. तो रेणूविषयी बोलतो, बाटलीविषयी नाही. ग्लायफोसेटचा क्षार पाण्यात सहज विरघळतो, परंतु पानावरील मेणचट थर त्याला आत शिरू देत नाही. म्हणून मूळ राउंडअपमध्ये सुमारे १५ टक्के पॉलिइथॉक्सिलेटेड टॅलो अमाईन (पोईए) हे प्राणिज चरबीपासून तयार केलेले पृष्ठसक्रिय द्रव्य मिसळलेले असे. आपला शेतकरी ज्याला ‘स्टिकर’ म्हणतो, त्याच जातीचे हे द्रव्य. पृष्ठताण कमी करून मेदयुक्त थर भेदणे हा त्याचा गुणधर्म. पेशीपटल तर माशाच्या कल्ल्यांनाही असते. शिकिमेट मार्ग नसल्याचा लाभ माशाला येथे मिळत नाही.

हे नवे ज्ञान नव्हे. फोल्मार, सँडर्स व ज्युलिन यांनी १९७९ मध्येच रेनबो ट्राऊट माशांवर तिन्हींची स्वतंत्र चाचणी घेतली होती. ९६ तासांत निम्मे मासे मरण्यासाठी शुद्ध ग्लायफोसेट प्रतिलिटर १४० मिलिग्रॅम लागले, राउंडअप ८.३ आणि केवळ पृष्ठसक्रिय द्रव्य २ मिलिग्रॅम. ‘निष्क्रिय’ घटक ‘सक्रिय’ घटकापेक्षा सत्तर पटींनी घातक ठरला! १९८८ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे तणनाशक प्यालेल्या रुग्णांच्या अभ्यासातून अशीच शंका ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ मध्ये वेष्टनावर ‘निष्क्रिय’ऐवजी ‘इतर घटक’ लिहावे, अशी उत्पादकांना सूचना केली. ती ऐच्छिक होती. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटयुक्त उत्पादनांत पोईए वापरण्यास बंदी घातली. खुद्द ग्लायफोसेटला मात्र २०२३ मध्ये आणखी दहा वर्षांची मान्यता दिली.

दुसऱ्या बाजूचीही चिकित्सा करणे अगत्याचे आहे. सेरालिनी यांचा उंदरांवरील २०१२ चा बहुचर्चित शोधनिबंध नियतकालिकाने २०१३ मध्ये मागे घेतला, आणि तो निबंध आजही पुरावा म्हणून उद्धृत होतो. काचपात्रातील पेशी मरणे आणि माणसाला रोग होणे यांत मोठे अंतर आहे. शिवाय सर्व उत्पादनांत पोईए नसते. एका उत्पादनावरील निष्कर्ष दुसऱ्यास चिकटविणे हीदेखील तीच चूक, उलट दिशेने केलेली.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ग्लायफोसेटचा वापर केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचा निर्बंध घातला. तोही रेणूच्या नावावर. वेष्टनावरील रंगीत त्रिकोण तोंडावाटे व त्वचेवाटे होणाऱ्या तीव्र विषबाधेपुरताच बोलतो. ओढ्यातील बेडकांबाबत तो मौन पाळतो.

शासनाला दोष देण्याआधी आपल्या प्रयोगशाळांकडे पाहणे बरे. ‘ग्लायफोसेटचा माशांवरील परिणाम’ अशा शीर्षकाचे विद्यार्थी-प्रकल्प प्रस्तुत लेखकाने तपासले आहेत. प्रयोगासाठी कृषी सेवा केंद्रातून ४१ टक्क्यांची बाटली आणलेली असते, आणि निष्कर्षात दोष मात्र ग्लायफोसेटचा. उरलेल्या ५९ टक्क्यांचा उल्लेखही नसतो. शुद्ध रसायन महाग असते, ही अडचण मान्य केली तरी शीर्षकात उत्पादनाचे नाव लिहिण्यास कोणताही खर्च येत नाही. नियंत्रणासाठी साध्या पाण्याची टाकी ठेवली जाते. तिच्या शेजारी केवळ स्टिकर मिसळलेल्या पाण्याची आणखी एक टाकी ठेवणे आपल्या महाविद्यालयांना निश्चितच परवडण्यासारखे आहे.