‘स्क्विड’चा व्हाइटपेपर: मेथड्स वाचल्या का?

ऑक्टोबर 2021 मध्ये ‘स्क्विड’ नावाचं टोकन आलं. नाव नेटफ्लिक्सच्या ‘स्क्विड गेम’वरून, पण नेटफ्लिक्सचा त्याच्याशी संबंध नव्हता. व्हाइटपेपरमध्ये स्पेलिंगच्या चुका होत्या आणि त्यावरून बरीच टिंगल झाली. माझ्या मते खरी गोम विक्रीच्या अटीत आहे.

टोकन विकायचं तर आधी ‘मार्बल्स’ नावाचं दुसरं टोकन मिळवायचं. या अटीला नाव दिलं ‘अँटी-डम्पिंग’, जणू घेणाऱ्याचंच संरक्षण! प्रत्यक्षात खरेदी चालू, विक्री जवळजवळ बंद.

आता आलेख बघा. एका सेंटच्या आसपासचा भाव आठवड्याभरात 2,800 डॉलरच्या वर गेला. पण विकणारे बाहेरच ठेवले, तर हा भाव मोजतो काय? फक्त घेणाऱ्यांची घाई. आपल्या भाषेत, सरळसरळ सिलेक्शन बायस. ‘मार्केट कॅप’ही याच भावाला टोकनांच्या संख्येने गुणून येते, तेवढे पैसे कुठे ठेवलेले नसतात. 1 नोव्हेंबरला निर्मात्यांनी सुमारे 33 लाख डॉलर काढून घेतले आणि काही मिनिटांत भाव शून्याजवळ आला.

छोटी रक्कम विकून बघणं हा पहिला प्रयोग. पण मालकाला कॉन्ट्रॅक्ट नंतर बदलता येत असेल, तर त्या प्रयोगाचा निकाल उद्या लागू राहीलच असं नाही. म्हणून दोन प्रश्न आधी: नियम कोण बदलू शकतो? आणि पूलमधले पैसे कोण काढू शकतो? व्हाइटपेपरमध्ये याची उत्तरं नसतील, तर आलेखाकडे बघूच नका.